आलेखावरची अक्षरे: प्रस्तावना

रक्तातले लोह मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. निरोगी माणसात एका डेसिलिटरमागे ते साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. आलेखाच्या उभ्या अक्षावर हे एकक लिहायचे तर ग्रीक ‘म्यू’ लागतो. ज्या संगणकावर आलेख काढला तिथे म्यू नीट दिसतो. तीच फाइल मार्गदर्शकांच्या किंवा छापखान्याच्या संगणकावर उघडली, की कधी कधी म्यूच्या जागी साधा रोमन ‘एम’ उभा असतो. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला. आकडे तेच राहिले आणि अर्थ हजारपटीने बदलला. संगणकाने एकही इशारा दिला नाही. अक्षर गहाळ होऊन तिथे चौकोन आला असता तर कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. पण एम हे धडधाकट अक्षर आहे, मिलिग्रॅम हे खरे एकक आहे, म्हणून मुद्रितशोधकही पुढे जातो.

अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ या संस्थेने चुकीला वाव देणाऱ्या वैद्यकीय संक्षेपांची यादी केली आहे. म्यू लावून लिहिलेला मायक्रोग्रॅम त्या यादीत आहे, कारण हाताने लिहिलेला म्यू एमसारखा वाचला जातो. संगणकावर हीच चूक हस्ताक्षराशिवाय होते. तिचे कारण समजले की या पुस्तिकेचा निम्मा विषय समजला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पोस्टस्क्रिप्ट छपाईच्या काळात अडोबीने ‘सिम्बॉल’ नावाचा फॉन्ट दिला. त्यात एमच्या घरात म्यू बसवला होता, एच्या घरात अल्फा, बीच्या घरात बीटा, सीच्या घरात ‘काय’ हे ग्रीक अक्षर आणि मोठ्या डीच्या घरात डेल्टा. फाइलमध्ये साठवला जातो तो एम. त्याला म्यूचे रूप देतो तो फक्त फॉन्ट. फॉन्ट सोबत गेला नाही की रूप उतरते आणि खालचा एम उघडा पडतो. मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले निमंत्रण दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, हे वर्ध्यातल्या कुठल्याही डीटीपी केंद्रातला माणूस सांगेल. सिम्बॉल फॉन्ट हा गणिताचा कृतिदेव आहे. फरक एवढाच, की मराठीचा कचरा झाला तर लगेच दिसतो आणि म्यूचा एम झाला तर दिसत नाही.

याच फॉन्टची आणखी एक खोड सांख्यिकी वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ‘पेक्षा लहान किंवा समान’ हे ≤ चिन्ह त्यात ज्या घरात आहे, त्याच घरात सामान्य रोमन फॉन्टमध्ये ब्रिटिश पौंडाचे £ असते. म्हणून कित्येक निबंधांत ‘पी £ ०.०५’ असे छापलेले आढळते. ≥ च्या घरात वर चढवलेला तीनचा आकडा असतो, त्यामुळे ‘६० किंवा अधिक वय’ हे वाचताना घनासारखे दिसते. आर या सांख्यिकी प्रणालीत सूत्रे लिहिण्याची जी सोय आहे ती याच सिम्बॉल फॉन्टवर उभी आहे, आणि तिचे नेहमीचे पीडीएफ साधन हा फॉन्ट फाइलमध्ये भरत नाही. वाचणाऱ्याच्या संगणकावर तो असेल असे गृहीत धरते. जुन्या आवृत्त्यांत आलेखावरचे गोल ठिपकेसुद्धा चिन्हांच्या एका फॉन्टमधून घेतले जात. तो फॉन्ट नसेल तर ठिपक्यांच्या जागी ‘क्यू’ हे अक्षर विखुरलेले दिसे. मोजलेल्या माणसांच्या जागी क्यू! २०१९ मध्ये पँगो या मजकूर मांडणाऱ्या संचाने १.४४ आवृत्तीपासून जुन्या टाइप-१ फॉन्टांचा आधार काढून घेतला, आणि लिनक्सवर आदल्या दिवशी नीट दिसणारी चिन्हे दुसऱ्या दिवशी बिघडू लागली. विद्यार्थ्याने आपल्या आज्ञावलीत एक अक्षरही बदललेले नव्हते. दोष आपल्या हातून झाला नसतानाही आलेख बिघडू शकतो, हे अशा वेळी माहीत असलेले बरे.

वर्धा जिल्ह्यात असे आलेख रोज निघतात. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामलाच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वर्धा शहरात ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि हिंदी विश्वविद्यालय आहे. एकीकडे काय-स्क्वेअर आणि बीटा-थॅलसेमिया, दुसरीकडे कापसाचा उतारा, बोर धरणातला पाणीसाठा, पावसाची तूट. पहिल्या प्रकारचे आलेख बहुधा इंग्रजीत असतात, त्यांना ग्रीक अक्षरे आणि गणिती चिन्हे लागतात. दुसऱ्या प्रकारचे आलेख गावातल्या माणसांनी वाचायचे असतात, त्यांना मराठी लागते. पुष्कळदा एकाच आलेखात दोन्ही लागतात, आणि खरी कसोटी तिथे असते.

बिघाड दुरुस्त करायला बसलेला माणूस बहुधा पहिल्यांदा फॉन्ट बदलतो. तो नाही जमला तर दुसरा, मग तिसरा. माझे स्पष्ट मत आहे की हा वेळ वाया जातो. अक्षर कळफलकावरून निघते आणि कागदावर पोचते. मध्ये मजकूर वाचला जातो, फॉन्ट शोधला जातो, त्या फॉन्टमध्ये अक्षरचित्र शोधले जाते, अक्षरे एकमेकांशी जुळवली जातात, आणि शेवटी सगळे फाइलमध्ये बंद होते. अक्षर यांपैकी नेमके कुठे हरवले ते आधी ठरवायचे, मगच हात घालायचा. बिघाडाचे रूपच बहुतेक वेळा ठिकाण सांगते. चौकोन आला म्हणजे फॉन्ट सापडला, पण त्यात ते अक्षरचित्र नाही. भलतेच अक्षर आले म्हणजे संकेतांची अदलाबदल झाली. अक्षरे आहेत पण क्रम किंवा जोड चुकला म्हणजे जुळवणी झालीच नाही. आणि आपल्याकडे सगळे नीट, दुसऱ्याकडे बिघडलेले, म्हणजे दोष फाइलमध्ये.

फॉन्टशी काहीही संबंध नसलेला, तरी फॉन्टच्या नावावर खपणारा एक दोष पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब वापरणाऱ्यांना हमखास भेटतो. आलेखाच्या शीर्षकात बॅकस्लॅश लावून ‘सिग्मा’ लिहिला, नीट आला. ‘म्यू’ आला, ‘लॅम्डा’ आला. ‘थीटा’ लिहिला तर मोकळी जागा आणि पुढे ‘हीटा’ असे काहीतरी उमटले. ‘न्यू’ लिहिला तर ओळच तुटली. विद्यार्थ्याला वाटते, या फॉन्टमध्ये थीटा नाही. खरे कारण असे, की पायथन भाषेत बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो, बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ, बीने मागे सरकणे, आरने ओळीच्या आरंभी जाणे, एफने पानबदल. त्यामुळे थीटा, टाऊ, न्यू, बीटा, ऱ्हो आणि अपूर्णांकाची आज्ञा ही सगळी मंडळी गणिताच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. एस, एम, एल यांना असा विशेष अर्थ नाही, म्हणून सिग्मा, म्यू आणि लॅम्डा सुटतात. उपाय एका अक्षराचा आहे: अवतरणचिन्हाच्या आधी ‘आर’ लिहायचा, म्हणजे पायथन आतला मजकूर जसाच्या तसा पुढे देते. अर्धी ग्रीक अक्षरे येतात आणि अर्धी येत नाहीत, असे दिसले की फॉन्टला हात लावण्याआधी हे पाहावे.

गणिताचे फॉन्ट साध्या फॉन्टांहून वेगळे का असतात, हेही इथे सांगायला हवे. १९७७ मध्ये डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. गणिताची ती छपाई त्यांना इतकी खटकली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीच टेक. सूत्रात अक्षर नुसते ओळीत बसत नाही. घात वर किती चढवायचा, बेरजेच्या चिन्हाच्या मर्यादा वर-खाली की बाजूला, उंच अपूर्णांकाभोवतीचा कंस किती ताणायचा, यांचे नियम लागतात, आणि ते पाळायला फॉन्टमध्ये एकाच कंसाच्या अनेक मापांची चित्रे लागतात. नूथ यांनी कॉम्प्युटर मॉडर्न हा फॉन्ट त्याच कामासाठी घडवला. पुढे सहा मोठ्या वैज्ञानिक प्रकाशकांनी मिळून स्टिक्स हा फॉन्ट करवून घेतला, त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१० मध्ये आली.

मॅटप्लॉटलिब हे जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने अपस्माराच्या संशोधनासाठी लिहायला घेतले. २००३ मध्ये ते खुले झाले आणि २०१२ मध्ये, ऐन चाळिशीत, हंटर गेले. मॅटप्लॉटलिबमध्ये टेक न बसवताही टेकसारखी सूत्रे मांडणारा एक भाग आहे, त्याला मॅथटेक्स्ट म्हणतात. हा भाग आपले फॉन्ट स्वतंत्रपणे निवडतो. म्हणून शीर्षकाला टाइम्स फॉन्ट दिला तरी सूत्रातली अक्षरे मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या डेजाव्हू सॅन्स फॉन्टमध्येच राहतात, आणि एकाच अक्षावर दोन घराण्यांची अक्षरे शेजारी बसतात. हा बिघाड नव्हे. गणिताचा फॉन्टसंच वेगळा सांगावा लागतो, एवढेच. टाइम्सच्या जोडीला स्टिक्स, लेटेक्समधल्या प्रबंधाच्या जोडीला कॉम्प्युटर मॉडर्न, असे जुळवावे. संपूर्ण टेककडून आलेख काढून घेण्याचीही सोय आहे, पण तिला लेटेक्स, डीव्हीआयपीएनजी आणि घोस्टस्क्रिप्ट तिन्ही लागतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यांतले एखादे हमखास नसते. मॅथटेक्स्टने भागत असेल तर तिकडे वळू नये, असा माझा सल्ला आहे.

उणे चिन्हाची गोष्ट लहान आहे, पण आपल्याकडे ती उशिरा उघडकीस येते. गणितातले खरे उणे चिन्ह आणि कळफलकावरची जोडरेघ ही युनिकोडमध्ये दोन वेगळी चिन्हे आहेत. मॅटप्लॉटलिब अक्षांवर खरे उणे वापरते, आणि अनेक देवनागरी फॉन्टांत ते नसते. वर्ध्यात तापमान शून्याखाली जात नाही, म्हणून तापमानाचे आलेख बिनबोभाट निघतात. पावसाचा सरासरीपासूनचा फरक मांडायला घेतला, की तुटीच्या प्रत्येक वर्षापुढे चौकोन येतो. ३.६ आवृत्तीपासून फॉन्टांची रांग देता येते: पहिल्यात चिन्ह नसेल तर ते दुसऱ्यात शोधले जाते. देवनागरी फॉन्टमागे डेजाव्हू सॅन्स उभा केला की हा चौकोन जातो.

आता मराठीकडे. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. कुठल्याही आलेख-प्रणालीची परीक्षा घ्यायची असेल तर ही आठ नावे आडव्या अक्षावर टाकावीत. याहून चांगली परीक्षा मला सापडलेली नाही. मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत नेहमीच्या पद्धतीने चित्र काढले, तर देवळी, सेलू आणि कारंजा वाचता येतात. बाकी पाच मोडतात. वर्धा आणि आर्वीतला रफार वर चढत नाही, र पायाखाली हलन्त घेऊन तसाच उभा राहतो. आष्टीतला ष्ट आणि समुद्रपूरमधला द्र जुळत नाहीत. हिंगणघाटमधली पहिली वेलांटी ह च्या आधी यायची ती नंतर येते. फॉन्ट कितीही उत्तम घ्या, मुक्ता घ्या, नोटो घ्या किंवा आयआयटी मुंबईने राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फॉन्टवरून घडवलेला शोभिका घ्या, निकाल तोच. कारण दोष जुळवणीत आहे. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतात. त्यांना डोळ्यांना हव्या त्या क्रमात आणि रूपात आणणे हे वेगळे काम आहे, आणि मॅटप्लॉटलिबच्या या आवृत्त्या ते करत नाहीत. देवनागरी अंक मात्र शाबूत राहतात, त्यांना मात्राही नाहीत आणि जोडाक्षरेही नाहीत.

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही, आणि ही प्रस्तावना लिहिण्याची इच्छा मला त्यामुळेच झाली. खिळ्यांच्या छपाईत देवनागरीची ओळ जुळवायला जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताळावे लागत. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा प्रयत्न केला होता. टंकलेखन यंत्र आले तेव्हा अडचण वाढली, कारण त्याला कळा मोजक्याच. १९३५ मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या हिंदी साहित्य संमेलनाने नागरी लिपी सुधारणेसाठी समिती नेमली आणि तिचे काम काकासाहेब कालेलकरांकडे दिले. पुढच्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. इ, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे टाकून अ ला वेलांटी, उकार, मात्रा लावायच्या, ही ‘अ’ची बाराखडी वर्ध्याच्या समितीने आपल्या पुस्तकांत वापरली. रत्नागिरीहून सावरकरांनीही लिपिशुद्धीच्या चळवळीत तीच मांडली होती. पवनारला विनोबांनी लोकनागरी या सुधारलेल्या लिपीचा पुरस्कार केला. १९५३ मध्ये लखनौच्या लिपी परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी थोडी आखूड करून अक्षराच्या उजवीकडे लावावी असे ठरवले. तो निर्णय पुढे मागे घेतला गेला.

या माणसांना लिपीचे प्रेम कमी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्र बदलणे त्यांच्या हाती नव्हते आणि शिक्षण खेड्यापर्यंत न्यायची घाई होती, म्हणून त्यांनी लिपीला वाकवून पाहिले. शिशाचा खिळा डावीकडून उजवीकडे एकामागून एक लागतो. वेलांटी उजवीकडे नेली की काम सोपे होते, हा त्यांचा हिशोब त्या साधनांपुरता बरोबर होता. लोकांनी मात्र तो स्वीकारला नाही. मॅटप्लॉटलिबच्या त्या आवृत्त्या हिंगणघाटची वेलांटी उजवीकडे नेतात, तेव्हा त्या नकळत तोच सोपा हिशोब करतात. पण आता यंत्र बदलता येते. हार्फबझ नावाचा अक्षरे जुळवणारा खुला संच फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइड फोनमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये आहे. ज्या फोनवर हिंगणघाट नीट वाचता येते, त्याच गावाचे नाव संशोधनाच्या आलेखात मोडके छापण्याला किंवा ते टाळण्यासाठी सगळा आलेख इंग्रजीत करण्याला आता सबब उरलेली नाही. लिपी तशीच ठेवावी आणि साधनाला योग्य वाटेने न्यावे, ही या पुस्तिकेची भूमिका आहे.

त्या वाटा आहेत. ग्नूप्लॉटमध्ये कैरो या चित्रे काढणाऱ्या संचावर चालणारी पीएनजी किंवा पीडीएफ साधने निवडली तर मजकूर पँगोकडे जातो आणि आठही तालुके नीट उमटतात. आरमध्ये, पँगोची जोड असल्यास, कैरोची साधने हेच करतात. मॅटप्लॉटलिबमध्ये पीजीएफ मार्गाने आलेख टेकच्या झीलेटेक्स या रूपाकडे सोपवला, तर मराठी आणि सूत्रे दोन्ही एकाच पानावर सुबक येतात. फॉन्टला लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे सांगितले की, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ल आणि श हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात. एसव्हीजी फाइलमध्ये मजकूर रेषांत न बदलता मजकूर म्हणूनच ठेवला आणि ती इंकस्केपमध्ये उघडली, तरी जुळवणी होते. यांतली झीलेटेक्सची वाट मला सगळ्यांत भरवशाची वाटते. ती शिकायला वेळ लागतो, पण प्रबंधात आलेख पुष्कळ असतात आणि तो वेळ वसूल होतो.

फाइल पाठवण्याआधीची तपासणी थोडक्यात. पीडीएफमधल्या फॉन्टांची यादी दाखवणारी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही छोटी आज्ञा पॉप्लर या संचासोबत मिळते. प्रत्येक फॉन्टपुढे तो फाइलमध्ये भरला आहे की नाही ते ती सांगते. न भरलेला फॉन्ट दिसला तर फाइल पाठवू नये. मॅटप्लॉटलिब पीडीएफमध्ये मुळात टाइप-३ प्रकारचे फॉन्ट भरते आणि काही नियतकालिके ते नाकारतात. तिथे ४२ हा पर्याय लावावा. नवा फॉन्ट बसवूनही तो ‘सापडला नाही’ असे येत असेल, तर मॅटप्लॉटलिबने आधी करून ठेवलेली फॉन्टांची जुनी यादी पुसून प्रणाली पुन्हा सुरू करावी.

मदत मागताना आलेखाचे नुसते छायाचित्र पाठवू नये. प्रणालीची आवृत्ती, फॉन्टचे पूर्ण नाव, बिघाड दाखवणारी चार-पाच ओळींची आज्ञावली आणि मूळ पीडीएफ, एवढे पाठवले की दोष कुठे आहे ते बहुधा पहिल्या वाचनातच कळते. रफार आणि वेलांटीचे दोष प्रणाली लिहिणाऱ्यांनाही कळवावेत. त्यांतल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे वर्धा हे नाव मोडले आहे हे त्यांना दिसत नाही. नीट छापलेले आणि मोडलेले, दोन्ही रूपे शेजारी ठेवून दाखवली तर ते काम हाती घेऊ शकतात. आठ तालुक्यांची परीक्षा आज्ञावलीसह पहिल्याच प्रकरणात दिली आहे, ती तशीच्या तशी पाठवली तरी चालेल.